उपास झाले, तीर्थं झाली, दानधर्म झाला. शेवटी पंडिता रमाबाईंनी पुण्याईची वहीच मिटली

सोलापूरच्या नवी पेठेत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानादुकानांत वही पुजली जाते. हिशोब कधीच कॉम्प्युटरवर गेलाय, पण वही, हळदकुंकू आणि पहिल्या पानावरचं शुभ-लाभ काही सुटलेलं नाही. व्यापाऱ्याचं गणित साधं असतं. आलं ते जमा, गेलं ते नावे, आणि शेवटी शिल्लक किती ते बघायचं.

देवाच्या बाबतीतही बहुतेक माणसं हेच गणित मांडतात. उपास केला, जमा. दान केलं, जमा. कुणाचं वाईट केलं, नावे. मेल्यावर वर कुणीतरी वही उघडेल आणि शिल्लक बघून निकाल देईल, असा हिशोब जवळपास सगळ्याच धर्मांतल्या माणसांच्या डोक्यात कुठेतरी असतो.

आता याच नवी पेठेतून सोलापूर स्टेशनला जा आणि पुण्याकडची गाडी पकडा. दौंड मागे पडलं की थोड्या वेळाने केडगाव लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे एका बाईने जवळपास दोन हजार बायका-मुलींचा संसार उभा केला होता. दुष्काळातून उचलून आणलेल्या, घरातून हाकललेल्या, विधवा, आंधळ्या, अशा सगळ्या जणी तिथे होत्या.

पुण्याईचा हिशोब मांडला, तर या बाईच्या खात्यावरची जमा मोजता मोजता वही संपली असती. पण तिचं स्वतःचं म्हणणं बरोबर उलटं होतं. देवापुढे माणूस आपल्या कर्माने निर्दोष ठरत नाही, फक्त विश्वासाने ठरतो, असं ती मानायची.

ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. हे मत त्यांनी कुठल्या पुस्तकातून तयार उचललं नव्हतं. पुण्याईच्या वाटेने जेवढं चालता येतं तेवढं चालून, त्यात आई-वडील गमावून आणि धर्म बदलल्यावरही पुन्हा तिथेच अडकून, मग त्या इथे पोहोचल्या होत्या.

जंगलातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. जागा सह्याद्रीतलं गंगामूळ, म्हणजे आताच्या कर्नाटकातलं घनदाट जंगल.

वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते, तेव्हा त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला संस्कृत शिकवायचे. बाई संस्कृत शिकू शकते हे अनंतशास्त्र्यांनी तिथे डोळ्यांनी बघितलं आणि आपल्याही बायकोला शिकवायचं असं मनात धरलं.

पुढे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना खरोखर शिकवलं. यावरून गदारोळ झाला. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे उभं राहून त्यांना शास्त्राधाराने आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी ती मांडली. पण रोजची कटकट नको म्हणून ते जंगलात जाऊन राहिले आणि तिथेच त्यांनी विद्यार्थी शिकवले. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते मुख्यतः आईने.

हे घर सुधारकाचं होतं, पण बंडखोराचं नव्हतं. अनंतशास्त्री कडक धार्मिक होते. पाहुणचार आणि दानधर्म यांत हातचं संपलं आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून नेलं होतं. त्यानंतर घर असं राहिलंच नाही. एका देवळातून दुसऱ्या देवळात जायचं, पुराण सांगायचं, लोक देतील ती दक्षिणा घ्यायची आणि त्यातलं बरंचसं पुन्हा दान करायचं.

सगळं जमा केलं, पण दुष्काळ आला

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांकडेच खायला नव्हतं, तर पुराण ऐकून दक्षिणा कोण देणार?

या कुटुंबाने तेव्हा काय केलं ते रमाबाईंनी पुढे सविस्तर लिहून ठेवलंय. त्यांनी व्रतं वाढवली. पवित्र तळ्यांत स्नानं केली, मूर्तींना प्रदक्षिणा घातल्या, जप केले. जवळ होतं नव्हतं ते देवाला आणि ब्राह्मणांना दिलं. एवढं केलं की देव पावतो आणि धन मिळतं, असं शास्त्रात वाचलेलं होतं आणि त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास होता. मोलमजुरी करणं किंवा भीक मागणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. दागिने गेले, कपडे गेले, भांडी गेली.

शेवटचा तांदळाचा दाणा संपला तेव्हा ते तिरुपतीच्या बाजूला होते. लोकांसमोर लाज जायला नको, मरायचंच तर जंगलात मरू, असं म्हणून सगळे जंगलात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानटी खजूर एवढ्यावर काढले.

अनंतशास्त्र्यांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की जातीचा अभिमान बाजूला ठेवून तो मजुरी करेल आणि घर जगवेल. जलसमाधी टळली, पण वडील फार दिवस जगले नाहीत. जाण्याआधी, दृष्टी गेलेल्या त्या म्हाताऱ्या बापाने धाकट्या लेकीला कवेत घेतलं आणि आयुष्यभर देवाची सेवा कर असं सांगितलं. हे साल १८७४.

काही आठवड्यांत आईही गेली. तिला न्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी आईचा भार डोक्यावर घेतला. पुढे मोठी बहीणही वारली.

सोळाव्या वर्षी रमाबाईंच्या समोर एक प्रश्न उभा राहिला. आई-वडिलांनी नेम मोडला नव्हता, कंजुषी केली नव्हती, देवावर शंका घेतली नव्हती. मग चुकलं कुठे? आणखी किती केलं असतं म्हणजे पुरेसं झालं असतं?

कलकत्त्यात दोन पदव्या मिळाल्या आणि एक दार बंद दिसलं

भाऊ-बहीण चालत राहिले. दक्षिणेपासून काश्मीरच्या बाजूपर्यंत हजारो मैल, बहुतेक पायी. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत झोपले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली.

१८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. हजारो श्लोक तोंडपाठ असलेली वीस वर्षांची मुलगी बघून तिथले पंडित थक्क झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला दोन पदव्या दिल्या, पंडिता आणि सरस्वती. वर्तमानपत्रांत नाव झालं, सभांची बोलावणी येऊ लागली.

बायकांना शास्त्र सांगता यावं म्हणून रमाबाईंनी इथे धर्मशास्त्रं मुळातून वाचायला घेतली. वाचून त्या हादरल्या. ग्रंथ इतर शेकडो बाबतींत एकमेकांशी भांडत होते, पण दोन गोष्टींवर त्यांचं एकमत होतं, असं त्यांनी पुढे लिहिलं. एक म्हणजे बाईची जातच वाईट. दुसरी म्हणजे बाईला आणि शूद्राला पुरुषासारखा स्वतःच्या बळावर मोक्ष नाही. बाईने नवऱ्याला देव मानून सेवा करावी आणि त्याच्यामार्फत जे पदरात पडेल ते घ्यावं.

हे त्यांचं वाचन होतं आणि त्यावर तेव्हाही वाद झाले. पण त्यांच्या आयुष्यात याचा अर्थ सरळ होता. घरच्यांनी पुण्य जमा करून बघितलं होतं, त्यातून काही निघालं नव्हतं. आता कळत होतं की बाईच्या नावाने खातंच उघडत नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते कायस्थ होते, त्यामुळे हे लग्न जातीबाहेरचं होतं. दोघं आसामकडे सिल्चरला राहायला गेले. १८८१ मध्ये मनोरमा झाली.

सिल्चरच्या घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना बंगालीतलं एक छोटं पुस्तक सापडलं, लूकचं शुभवर्तमान. त्यांनी ते आवडीने वाचलं आणि एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून ख्रिस्ती धर्माबद्दल ऐकायला सुरुवात केली. नवऱ्याला ते फारसं रुचलं नव्हतं. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवराच गेला. २३ वर्षांच्या रमाबाई आता विधवा होत्या, पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी.

पुणे, मग इंग्लंड, मग बाप्तिस्मा

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज सुरू केला. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी शिक्षिका आणि डॉक्टर बायका हव्यात हे मांडलं. 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते पुढे जमलं नाही.

पुण्यात त्यांची गाठ पडली फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी. हे मूळचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, काशीत वाढलेले चित्पावन पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. पंडिताशी पंडितासारखं बोलणारा माणूस रमाबाईंना पहिल्यांदा भेटला होता. त्यांच्या युक्तिवादाने रमाबाईंच्या बुद्धीची पुष्कळ समजूत पटली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजाने ज्या बायकांना वाया गेलेल्या ठरवलं होतं, त्यांच्यासाठी तिथे आश्रयगृह होतं. सिस्टर्स त्या बायकांशी मायेने वागत होत्या, आणि सुधारलेल्या बायका आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करत होत्या.

रमाबाईंनी विचारलं की ख्रिस्ती माणसं अशा बायकांची काळजी का घेतात. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई विहिरीवर येते आणि येशू तिच्याशी बोलतो. आधी तू सुधार, मग ये, असं तो म्हणत नाही. बंद दारांची सवय असलेल्या रमाबाईंना हे नवीन होतं.

२९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये रमाबाई आणि छोट्या मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. बऱ्याच जणांच्या लेखी त्यांची गोष्ट इथे संपते. पण त्यांच्या स्वतःच्या लेखी खरी गोष्ट अजून आठ वर्षं लांब होती.

धर्म मिळाला, पण...

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचे वाद थांबले नाहीत. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेशी पत्रांतून वर्षानुवर्षं खडाजंगी चालली. चर्चचा अधिकार का मानायचा, मनोरमाला कोणती शिकवण द्यायची, सगळ्यावर त्या प्रश्न विचारत. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

१८८६ मध्ये त्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे गावोगाव भाषणं देत राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचं इंग्रजी पुस्तक आलं. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

बाहेरून सगळं जोरात चाललं होतं. आतून मात्र रमाबाईंना समाधान नव्हतं. चर्च झालं, प्रार्थना झाल्या, संस्कार झाले, सेवा झाली, तरी देवाशी आपलं मिटलंय असं वाटत नव्हतं.

१८९१ च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मचरित्र वाचलं. हॅस्लमची गोष्ट विचित्र होती. तो चर्चचा दीक्षित पाद्री होता, मन लावून सगळी कामं करत होता, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की आपण धर्माची नोकरी करतोय, पण ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावर आपण कधी स्वतःला सोडलेलंच नाही.

रमाबाईंना यात आपलाच चेहरा दिसला. १९०७ मध्ये आलेल्या छोट्या इंग्रजी आत्मकथनात त्यांनी याची कबुली दिली आहे. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली तेव्हा त्यांना उमगलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. प्रदक्षिणेच्या जागी प्रार्थना आली होती, तीर्थस्नानाच्या जागी बाप्तिस्मा आला होता, पण वही तीच होती. त्या अजूनही जमा करत होत्या.

विश्वासाने निर्दोष ठरणं म्हणजे नेमकं काय

हा विचार ख्रिस्ती धर्मात पहिल्या शतकापासून आहे. पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्रात तो सगळ्यात ठळक येतो. मराठी बायबलमध्ये यासाठी नीतिमान ठरणं असा शब्द येतो.

हा शब्द कोर्टातला आहे. आरोपी चांगला माणूस बनला असं त्यात सांगितलेलं नाही, न्यायाधीशाने त्याला निर्दोष जाहीर केलं एवढंच सांगितलंय. पौलाचं म्हणणं असं की नियम पाळून निर्दोष ठरायचं म्हटलं तर कुणीच सुटणार नाही. देव ज्याला निर्दोष ठरवतो, त्याला त्याच्या कमाईमुळे नाही, तर ख्रिस्ताने त्याच्या जागी जे सोसलं त्यामुळे ठरवतो. माणसाने ते विश्वासाने घ्यायचं असतं. जे कमावता येत नाही आणि फुकट मिळतं, त्याला कृपा म्हणतात.

सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर याच मुद्द्यावर उभा राहिला. तो मठात राहणारा संन्यासी होता. उपास, जागरणं, पापांची कबुली, सगळं करून त्याचं मन शांत होत नव्हतं. पौलाचं पत्र वाचता वाचता त्याला वाट सापडली. १५१७ मध्ये त्याने पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चिठ्ठ्यांच्या व्यवहारावर जाहीर आक्षेप घेतले आणि त्यातून युरोपातलं चर्च फुटलं. कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने या मुद्द्यावर समान भूमिका सांगणारा करार केला तो थेट १९९९ मध्ये, जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात.

महाराष्ट्राला हा प्रश्न अगदीच परका नव्हता. सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांनी कर्मकांडापेक्षा भाव मोठा हे शतकानुशतकं सांगितलं होतं. दोन्ही विचार एकच नाहीत. ख्रिस्ती मांडणीत सगळा भार ख्रिस्ताच्या मरणावर आहे, वारकरी भक्तीची घडण वेगळी आहे. पण नुसतं सोवळं आणि नेम करून देव मिळत नाही, ही गोष्ट मराठी माणसाच्या कानावर आधीच होती.

रमाबाईंच्या बाबतीत या विचाराने एक जुनी गाठ सोडवली. आणखी किती केलं असतं म्हणजे पुरलं असतं, या सोळाव्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं. कितीही केलं असतं तरी पुरलं नसतं, आणि पुरायची गरजही नव्हती. शिवाय ज्याची कमाईच लागत नाही, त्यात बाई, शूद्र, विधवा असा भेद कुणी कसा करणार?

मतासाठी किंमत मोजावी लागली

हे सगळं रमाबाईंनी मनात ठेवलं असतं तर वाद झाला नसता. पण शारदा सदन हे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, कुणाला ख्रिस्ती करणार नाही, या शब्दावर उभं होतं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं त्याच्या सल्लागार मंडळावर होती.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमाबरोबर प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. ज्या मुलींना वाटेल त्या येऊन बसायच्या. रमाबाईंचं म्हणणं, बोलावत नाही आणि हाकलतही नाही. विरोधकांचं म्हणणं, ज्या बाईच्या अन्नावर कोवळ्या मुली जगतात, तिचं उघडं दार हेच बोलावणं असतं.

लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनीही संबंध तोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला होता. म्हणजे सदनाचं सगळ्यात गाजलेलं यश आणि सगळ्यात मोठा तडा एकाच वर्षातला.

विरोधकांचा आक्षेप नुसता द्वेषातून आलेला नव्हता, आश्रय आणि धर्म यांच्यातली रेषा खरोखर पुसट होती. हा वाद आजही रमाबाईंच्या नावाला चिकटून आहे. त्या मात्र मागे हटल्या नाहीत. जे फुकट मिळालं ते लपवून कसं ठेवायचं, अशी त्यांची भूमिका होती.

पुन्हा दुष्काळ, पण या वेळी वेगळा

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे अकरा दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या. अनाथ मुली उपाशी मरत होत्या आणि त्याहून वाईट म्हणजे दलालांच्या हाती लागत होत्या.

रमाबाईंनी ३०० मुली आणायचं ठरवलं. तेवढ्यांना खायला घालायचे पैसे त्यांच्याकडे नव्हते. मुली आल्या तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती आणि शहरात एवढी माणसं ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी केडगावला आधीच शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती. मुली तिथे गेल्या. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. वसाहतीला नाव मिळालं मुक्ती.

अमेरिकेतून कबूल झालेली दहा वर्षांची मदत याच सुमारास संपत होती. त्यानंतर ठरावीक उत्पन्नाची हमी नसताना त्यांनी काम वाढवत नेलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर यांनी नुसत्या प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ सांभाळले होते, त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुतान्यातून आणखी मुली आल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, गोठा, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, छापखाना, सगळं बायका चालवत होत्या. आंधळ्यांसाठी वेगळं घर होतं, बार्तिमी सदन. बायबलमधल्या बार्तिमय नावाच्या आंधळ्यावरून त्याचं नाव ठेवलं होतं, आणि तिथे मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवायला सुरुवात केली. पुढे मुक्तीची एक शाळा गुलबर्ग्यालाही निघाली. केडगावहून तिकडे जाणारी गाडी सोलापूरवरूनच जाते.

कर्माला किंमत नाही, तर मग एवढं राबायचं कशाला?

विश्वासाने तारण म्हटलं की हा प्रश्न लगेच येतो. सगळं फुकटच असेल तर माणूस हातावर हात ठेवून बसेल. पौलाच्या काळीही लोकांनी हेच विचारलं होतं आणि ल्यूथरलाही विचारलं.

रमाबाईंचं आयुष्य हे त्याला दिलेलं उत्तर आहे. त्यांच्या मते चांगली कामं ही निर्दोष ठरण्यासाठी भरायची फी नाही. निर्दोष ठरलेला माणूस मोकळा होतो आणि मग कामाला लागतो. आई-वडील पुण्य मिळावं म्हणून दान करत होते. रमाबाई मिळालेलं आहे म्हणून वाटत होत्या.

फरक शब्दांचा वाटतो, पण केडगावात तो दिसायचा. दान पुण्यासाठी करायचं असेल तर घेणारा पात्र लागतो. सत्पात्री दान म्हणतात ते हेच. म्हणूनच अनंतशास्त्र्यांचा शेवटचा पैसा विद्वान ब्राह्मणांना गेला. दुष्काळातल्या, उवा पडलेल्या, आजाराने सडलेल्या, परक्या जातीच्या पोरीला दिलं तर त्या हिशोबात काय जमा होणार होतं? रमाबाईंनी हिशोबच सोडला होता, त्यामुळे समोरचीची पात्रता तपासायचं कारण उरलं नाही.

मुक्तीत एक घर अशा बायकांसाठी होतं ज्यांना विधवांच्या आश्रमातही कुणी घेतलं नसतं. फसवलेल्या, विकलेल्या, बदनाम झालेल्या. फुलहॅमला बघितलेलं रमाबाईंनी इथे उभं केलं. त्या घराचं नाव त्यांनी सुधारगृह ठेवलं नाही. नाव ठेवलं कृपासदन.

शेवटचं काम

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक अवघड काम अंगावर घेतलं. मराठी बायबलची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटायची. ज्या बाईला संस्कृतची पदवी मिळाली होती, तिलाच ही भाषा खुपत होती, कारण मुक्तीतल्या मुलींना ती कळत नव्हती. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून सोप्या मराठीत अख्खं बायबल भाषांतरित करायला बसल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांनी केलं.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ज्या मुलीच्या हाती मुक्ती सोपवायची होती, तीच आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचं काम तरीही पूर्ण केलं. ५ एप्रिल १९२२ ला केडगावात त्यांचं निधन झालं. पूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ मध्ये.

त्यांच्या धर्मांतरामुळे महाराष्ट्राने त्यांना बराच काळ थोडं लांबच ठेवलं. १९८९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, शाळेच्या पुस्तकांत विधवांसाठी काम करणाऱ्या समाजसुधारक म्हणून चार ओळी आल्या. पण या कामामागे त्या स्वतः जे कारण सांगायच्या, ते सहसा गाळलं जातं. ते पटो न पटो, ते गाळलं की जंगलातल्या अकरा दिवसांपासून कृपासदनापर्यंतचा धागा हाती लागत नाही.

केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे. निराधार बायका आणि मुलं आजही तिथे राहतात. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड गेलं की खिडकीतून बघा, गाडी त्याच गावावरून जाते.